आत्यानं चिन्ह मागितलं नाही



या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. दोन महिने कागद पुढं घेऊन बसलो. रात्रपाळीत रेच्यांच्या खडखडाटात चार ओळी सुचायच्या आणि सकाळी त्याच ओळी खोट्या वाटायच्या. मला जे सांगायचंय ते कवितेत बसत नाही. तो एक हिशेब आहे. मी माझ्या आत्याशी कसा वागलो त्याचा, आणि आपण चळवळीतली पोरं आपल्याच माणसांशी कसं वागतो त्याचा. म्हणून साध्या गद्यात लिहितोय. माझी शाळा दहावीत सुटली. पुढचं वाचन जिनिंगचा सीझन संपल्यावरच्या रिकाम्या दिवसांत झालं. काही चुकलं तर तोंडावर सांगा.

प्रश्न आधीच मांडतो. माणसानं कशाच्या जोरावर विश्वास ठेवावा? डोळ्यांनी चमत्कार पाहिला म्हणून? आणि तो चमत्कार खोटा ठरल्यावरसुद्धा एखाद्याचा विश्वास उरत असेल, तर तो माणूस अडाणी म्हणायचा, की त्याला आपल्याला न कळलेलं काही कळलंय?

माझी आत्या पाथरी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमचं सगळं घर बौद्ध. आज्यानं पंचशील घेतलं, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. आत्याच्याही घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला आणि कापूस वेचायला जायची. तिला एक पोरगा आणि एक पोरगी. पोरगी सतराव्या वर्षी खोकायला लागली. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. गोळ्या फुकट मिळाल्या. आशाताईनं बजावलं, सहा महिने एक दिवसही खाडा करायचा नाही.

दीडेक महिन्यानं गावाबाहेरच्या माळावर मंडप पडला. चंगाई सभा. लाईटा, कीबोर्ड, मोठाले स्पीकर. शेजारणीनं आत्याला नेलं. प्रवचनकारानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली. पोरगी म्हणाली, ताप राहिलाय, खोकला कमी झालाय. तिचं वजनही तीन किलो वाढलं होतं. लगेच तिला स्टेजवर उभं केलं आणि माईक हातात देऊन साक्ष द्यायला लावली. लोक रडले, टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, देवानं बरं केल्यावर गोळ्या खाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. आत्यानं घरी येऊन पाकिटं चुलीत घातली.

इथं नीट लक्ष द्या. चिन्ह तर दिसलं होतं. ताप उतरला होता, वजन वाढलं होतं, हे खोटं नव्हतं. पण ते काम गोळ्यांचं होतं. टीबीच्या औषधानं काही आठवड्यांत बरं वाटायला लागतं, जंतू मात्र आत शिल्लक असतात. म्हणून तर सहा महिने. अर्ध्यात सोडलं की जे जंतू उरतात ते औषधाला जुमानेनासे होऊ शकतात. गोळ्यांची कमाई मंडपवाल्यानं आपल्या नावावर मांडली आणि त्या खात्यावर पोरीचा जीव गेला. सात महिन्यांनी खोकला परतला, रक्त पडलं. आता साध्या गोळ्या चालेनात. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

आत्या त्या प्रवचनकाराकडं गेली होती. तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरात विश्वास कमी पडला."

आम्ही पेटलो. पेटायलाच पाहिजे होतं. २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. त्या कायद्यानं चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं हा गुन्हा आहे. आम्ही पाच-सहा जण तक्रारीचा कागद लिहून आत्याच्या दारात गेलो. "इथं अंगठा कर." ती नुसती बसून राहिली. आम्ही दोनदा गेलो, तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी मीच बोललो, "तुझ्यासारख्या अडाण्यांमुळंच हे लोक पोसतात." तिनं अंगठा केला नाही.

दीड वर्षानं कळलं, आत्यानं बाप्तिस्मा घेतला. मंडपवाल्याकडं नाही. एका पत्र्याच्या खोलीत इतवारी दहा-बारा माणसं जमतात, तिथं. मी तिच्या घरी जाणं सोडलं. भावकीतले म्हणाले, पैसे मिळाले असतील. दुष्काळात भाकरीसाठी लोक बाटले, तसंच हे. मीही मान डोलावली. पण बाईला मिळालं काय? पत्र्याच्या त्या खोलीत पाटावर बसायलासुद्धा आपलं पोतं आपणच न्यावं लागतं. गमावण्यासारखं मात्र होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू होते. १९५६ ला त्यात शीख आले, आणि आपण बौद्ध १९९० ला, तेही झगडून. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्या यादीबाहेर आहे. भावकीनं तिला हेच भय घातलं. तिनं पोराला बळं बाप्तिस्मा दिला नाही. त्याचं तो ठरवील, म्हणाली. तिनं आपल्यापुरतं केलं.

यंदा भीमजयंतीनंतर मी गेलो. मनात भांडणच होतं.

"आत्या, अजून तू त्याच देवाकडं? त्यानं काय केलं तुझ्यासाठी?"

"काही न्हाई केलं."

"मग?"

"मग काय? देव काही करत न्हाई असं तूच सांगतूस ना. मीबी तेच म्हणायले. पोरगी उठली न्हाई, उठणारबी न्हाई. मी काही मागाया जात न्हाई तिथं."

मी तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं लेकरू काखेत घेऊन ती बुद्धाकडं आली. बुद्धानं तिला लेकरू उठवून दाखवलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरची मोहरी आण म्हणाला. ती घरोघर फिरली आणि तिला कळलं. मला वाटलं, आता आत्या गप्प होईल. ती शांतपणे म्हणाली, "लेकरा, सगळ्याच्या घरात माणूस मेलंय हे मला ठावं हाय. पर सगळ्यायनं आपल्या हातानं गोळ्या चुलीत न्हाई घातल्या."

मी गप्प झालो.

मग तिनं सांगितलं. पोरगी गेल्यावर जालन्याकडची एक म्हातारी ख्रिस्ती बाई, पूर्वी दाईचं काम केलेली, तिच्याकडं यायची. काही कबूल करायची नाही. भांडी घासायची, चहा करायची, रात्री जवळ निजायची. एका रात्री आत्या तिला म्हणाली, मीच मारलं पोरीला. म्हातारी नाही म्हणाली नाही. "तुझ्या हातून झालं," म्हणाली. मग तिनं पुस्तक उघडून येशू वधस्तंभावर मेला तो भाग वाचून दाखवला. आत्या म्हणाली, "खालचे लोक त्याला म्हणायले, खरा असशील तर उतर खाली, मग मानू. त्यो उतरला न्हाई. त्याला उतरवाया वरूनबी कुणी आलं न्हाई. तव्हा मला त्यो कळला. मला चंगाई नको होती रे. मला माफी पाहिजे होती. ती कोण देणार? पोरगी तर गेली. तुम्ही कागद घेऊन आलात."

मित्रहो, तुम्ही कागद घेऊन आलात, हे वाक्य अजून माझ्या छातीत आहे. कागद चुकीचा नव्हता. पण आम्ही तिला केस केली. एका आईला आम्ही पुरावा म्हणून पाहिलं. तिच्याशेजारी बसलं कोण? ती म्हातारी.

त्यानंतर मी आत्याचंच पुस्तक मागून आणलं आणि शुभवर्तमानं वाचली. विरोधकाच्या नजरेनंच वाचली. त्यात चमत्कार भरपूर आहेत हे कबूल केलं पाहिजे. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, याईराची मेलेली पोरगी उठून बसते. माझी बुद्धी ते मानत नाही आणि मानल्याचं सोंगही मी करणार नाही. पण माझ्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली. चिन्ह दाखव म्हणून जो जो येशूच्या समोर येतो, त्याला तो नाही म्हणतो. रानात सैतान म्हणतो, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव तुला झेलील. तो टाकत नाही. शास्त्री-परूशी चिन्ह मागतात, तो त्यांना फटकारतो. बऱ्या झालेल्यांना पुष्कळदा सांगतो की हे बोलू नका. मंडपवाले बरोबर उलटं करतात, आधी माईक हातात देतात. श्रीमंत माणूस आणि दारातला भिकारी लाजर यांची गोष्ट आहे. मेल्यावर तो श्रीमंत विनवतो, माझ्या भावांकडं मेलेला माणूस पाठवा, म्हणजे ते सुधारतील. उत्तर येतं की जे सांगितलेलं ऐकत नाहीत ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत. आणि ख्रिस्ती धर्म देशोदेशी नेणारा पौल, त्याच्या अंगात कसलासा काटा होता. तो काढ म्हणून त्यानं तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. मग पौलाच्या घरात विश्वास कमी पडला होता का?

आता मुद्द्याचं. ह्याच पौलानं लिहिलंय की तारण कृपेनं मिळतं, विश्वासानं मिळतं, कामाची मजुरी म्हणून मिळत नाही, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. जर्मनीतल्या मार्टिन लूथरनं १५१७ साली हाच मुद्दा धरून पापाच्या क्षमेची पत्रं विकणाऱ्यांना आव्हान दिलं. ही गोष्ट मी आधी वाचली तेव्हा मला आळशाची सोय वाटली होती. काही न करता तारण! पण आत्याच्या तोंडून ऐकल्यावर ती वेगळी दिसली. तिच्यापाशी द्यायला काही नव्हतं. पुण्य नव्हतं, पैसा नव्हता, निर्दोष हातही नव्हते. आणि तरी तिला कुणीतरी म्हणालं, ये, बस.

हे आपल्याला का कळायला पाहिजे ते सांगतो. मनूची व्यवस्था आपल्या आज्याला काय सांगत होती? तू गावकुसाबाहेर आहेस, कारण मागच्या जन्मीचं तुझं पाप. म्हणजे मारही आपण खायचा आणि गुन्हाही आपलाच. मंडपवाला आत्याला काय म्हणाला? पोरगी मेली, कारण ह्या जन्मीचा तुझा अविश्वास. शब्द बदलले, तराजू तोच. बरं झालं तर देवाचं आणि देवाच्या माणसाचं नाव, मेलं तर गरिबाचा दोष. हा धंदा कधीच बुडत नाही. आणि ज्या पुस्तकाच्या नावानं तो बोलतो, त्याच पुस्तकाशी ही बेइमानी आहे. विश्वास मोजायला लागलं, किलोवर तोलायला लागलं, की विश्वासही मजुरीच होतो. आमच्या जिनिंगमध्ये कापसाचं बोचकं काट्यावर टाकून वजन घेतात, ओल धरून कट्टी कापतात. तारण तसं काट्यावर मिळत असतं तर ते आपल्याला कधीच मिळालं नसतं. काटा कुणाच्या हातात असतो ते आपल्याला ठाऊक आहे.

चिन्ह मागणं म्हणजे सौदा. आधी दाखव, मग मानतो. मागणाऱ्याला वाटतं तो देवाची परीक्षा घेतोय. खरं तर सौद्याला बसला की मधे दलाल येतोच. आपल्या परभणी जिल्ह्याला हे नवं नाही. १९७२ ते ७४ या काळात मानवतला बायकांचे आणि लहान पोरींचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन सापडावं, मूल व्हावं, ह्यासाठी रक्त पाहिजे, अशी गोष्ट त्या खटल्यात पुढं आली. गावागावांत पोरी घराबाहेर पडायला भीत होत्या, असं म्हातारे अजून सांगतात. चिन्हाची भूक वाढत गेली की ती गरिबाच्या लेकरापर्यंत येते. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्याला. उपाशी लेकरांच्या देशात दगडापुढं चमचे धरून शिकलेली माणसं रांगेत उभी होती. २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात वेलंकनी चर्चजवळच्या क्रूसाच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. सनल इडमारुकू यांनी जागेवर जाऊन दाखवलं की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. ह्याबद्दल त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. गटार दाखवणारा गुन्हेगार ठरला. ज्या येशूनं चिन्ह द्यायला नकार दिला, त्याच्याच पायाशी लोक चिन्हासाठी तांबे घेऊन उभे!

आणि चिन्ह खरं धरलं तरी त्यानं काय होतं? पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात. बरं, धरून चालू. रेड्याला वेद मिळाले, महाराला मिळाले का? चोखोबा मंगळवेढ्याला भिंत बांधताना दरडीखाली मेले. नामदेवानं त्यांची हाडं ओळखली, कारण हाडांतून विठ्ठल विठ्ठल असा आवाज येत होता म्हणतात. एवढं मोठं चिन्ह! तरी ती हाडं देवळाच्या महाद्वाराबाहेरच पुरली गेली. पंढरपूरचं देऊळ आपल्यासाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षं हाडं बोलत होती असं म्हणा, पण दाराला ऐकू आलं नाही. चमत्कारानं माणसाचं मन बदलत नाही. तो फक्त तोंड उघडं ठेवायला लावतो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला ह्या बाबतीत शिकण्यासारखं वाटतं. आपल्याकडं त्यांचं नाव कमी घेतात. पण १८८५ साली 'सत्सार'मधून जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली होती, हे विसरू नका. रमाबाईंचे आईबाप शास्त्री घराण्यातले. तीर्थामागून तीर्थ, व्रतामागून व्रत, देव प्रसन्न होईल ह्या आशेवर सगळं घर फिरत राहिलं. जातीच्या अभिमानापायी मजुरी करायची नाही. १८७० नंतरच्या दुष्काळात आईबाप अन्नान्न करून गेले. देव आला नाही. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण पुढं आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो उमजायला आणखी सातआठ वर्षं गेली. कुठली ज्योत दिसून नाही, की आकाशवाणी होऊन नाही. वाचून, स्वतःला तपासून, आपल्या विद्येच्या आणि पुण्याच्या जोरावर आपण उभ्या नाही हे कबूल करून. १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात मोठं जागरण झालं. पोरी तासन्‌तास रडल्या, काही अनोळखी भाषा बोलल्या. रमाबाईंनी ते नाकारलं नाही. पण अशी भाषा बोलली तरच आत्मा मिळाला, असा नियमही त्यांनी केला नाही. मला त्यांचं खरं काम दुसरीकडं दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन पोरी घेऊन आल्या. त्यांना जेवू घातलं, छपाई शिकवली, विणकाम शिकवलं. साध्या बाईला कळावं म्हणून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. चिन्ह म्हणायचंच असेल तर मी ह्याला म्हणेन.

आपल्या मराठवाड्यातही असं घडलेलं आहे. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाला. पुढं निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, त्यानं मांग-महारांसाठी बेथेल नावाची वस्ती वसवली. सालारजंगानं जमीन दिली. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःच्या नावाचं गाव मिळालं. पाण्यावर चालून ते मिळालं नाही. आत्याकडं येणारी म्हातारी जालन्याकडचीच, हे मी मुद्दाम सांगतो.

तर मग मी ख्रिस्ती होणार का? नाही. माझा रस्ता ठरलेला आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलंय की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. त्यानं स्वतःसाठी धम्मात जागा मागितली नाही. चालायचं आपण. आत्या म्हणते, मला उचलून घेतलं. मी म्हणतो, माणसानं आपल्या पायानं उठलं पाहिजे. हा फरक खरा आहे. सगळे धर्म एकच, असं गोडगोड बोलून मी तो पुसणार नाही. शिवाय माझी शंका अजून मिटलेली नाही. काही न करता मिळालेल्या माफीनं माणूस सुस्त होईल, जुलूम करणाऱ्याला तीच माफी स्वस्तात मिळेल. सवर्णांनी शोषण करावं आणि इतवारी मोकळं व्हावं, हे आपल्याला चालणार नाही. मी हे आत्याला विचारलं. ती म्हणाली, "माफी मिळाली म्हणून तर आता गप बसवत न्हाई." आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. आसपासच्या वस्तीत कुणाला टीबी निघाला की आत्या सकाळी त्यांच्या दारात उभी असते. "गोळी घे माझ्यासमोर." कुठं मंडप पडला की वाटेवर उभी राहून बायकांना सांगते, प्रार्थना करायची तर करा, गोळ्या सोडू नका, माझी पोरगी गेली. आम्ही पत्रकं वाटून जेवढी माणसं वळवली नाहीत तेवढी तिनं वळवली. तिच्या माफीचं हे फळ मी डोळ्यांनी पाहिलं. शंका तरी आहेच. दोन्ही गोष्टी मी जवळ ठेवतो.

आणि मला लाज वाटली ती ह्याची की तिला पाहिजे होतं ते माझ्याही घरात होतं. अंगुलिमालाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. बोटांची माळ घालणारा खुनी. बुद्धानं त्याला संघात घेतलं. लोकांनी त्याला दगड मारले तेव्हा भोग म्हणाला, पण हाकललं नाही. आत्याला मी किसा गोतमी सांगितली, अंगुलिमाल सांगितला नाही. कारण मला तिचा शोक दिसला होता, तिचा अपराध दिसला नव्हता. आमच्या विहारात वंदना होते, भाषणं होतात. पण रात्री दोन वाजता ज्याला वाटतं की माझ्या हातून माणूस मेलं, त्याच्याजवळ बसायला आमच्यातला कोण जातो? हा प्रश्न मी धम्माला विचारत नाही. मला आणि तुम्हाला विचारतोय.

विनाचिन्हाचा विश्वास आपल्यालाही परका नाही. २० मार्च १९२७ ला महाडला माणसं चवदार तळ्यावर गेली तेव्हा आभाळ फाटलं नव्हतं, फाटली ती परतताना डोकी. १९३५ ला येवल्यात बाबासाहेब म्हणाले की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षाभूमी उगवली १९५६ ला. एकवीस वर्षं लोकांनी कसला चमत्कार पाहिला होता? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पोचीराम कांबळे गेले. १९९३ ला गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं. चिन्ह मागणारे असते तर पहिल्याच वर्षी घरी गेले असते. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि पाच दिवसांनी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. तेव्हाही आपण कुणाच्या अंगात येण्याची वाट पाहिली नाही. कोर्टाची पायरी चढलो, आणि चढतच आहोत. हा विश्वास आत्याच्या विश्वासासारखा नाही, ह्यात आपले पाय आहेत. पण आधी दाखव मग येतो, ही दुकानदारी दोन्हीकडं नाही.

चळवळीतही चिन्ह मागणारे वाढलेत, तेही लिहून टाकतो. कुणी पुढारी एका रात्रीत सत्ता आणून दाखवील म्हणून त्याच्या मागं धावणारे, आणि नाही आणली की समाजच नालायक म्हणणारे. म्हणजे पुन्हा तेच. जमलं तर पुढाऱ्याचं नाव, नाही जमलं तर तुमचा विश्वास कमी पडला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मंडपवाल्याशी लढा, कागदासकट लढा, कायद्यासकट लढा. गोळ्या बंद करायला लावणाऱ्याला सोडू नका, मग तो भगवा असो, हिरवा असो, पांढरा असो, नाहीतर निळा असो. पण मंडपातून रिकाम्या हातानं परतणाऱ्या बाईला अडाणी म्हणू नका. तिच्याकडं जाताना कागद खिशात ठेवा आणि आधी भांडी घासा. आणि ज्या माणसानं कसलंही चिन्ह न मागता, काही न मिळवता, असलेलं गमावून विश्वास ठेवला, त्याच्याशी वाद जरूर घाला, पण त्याला बाटगा म्हणून थुंकू नका.

परवा आत्याकडं पुन्हा गेलो होतो. तक्रारीचा जुना कागद अजून माझ्यापाशी आहे म्हणालो. तिनं तो मागून घेतला, पोराकडून वाचून घेतला. म्हणाली, "ह्यात मी गोळ्या चुलीत घातल्या ते कुठं लिव्हलंय?" ते आम्ही लिहिलंच नव्हतं. केस कमजोर होईल म्हणून. "ते लिव्ह. मग अंगठा करते."

आज रात्रपाळी आहे. उद्या सकाळी कागद नव्यानं लिहायला बसणार आहे. आणि येत्या इतवारी तिचे गुडघे दुखतात म्हणून सायकलवर तिला त्या पत्र्याच्या खोलीपर्यंत सोडणार आहे. मी आत जाणार नाही. बाहेर लिंबाखाली थांबीन.